जुवाच्या शिवळा

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "चित्रं किती टाकताय?" पलीकडून उत्तर आलं, "फोटो आहेत ना नाना, ऐंशी-नव्वद फोटो जमलेत." मी फोटोंचं विचारलं नव्हतं. पण छापखान्यात उभा जन्म गेलेल्या म्हाताऱ्याशी फोनवर वाद कोण घालणार? म्हणून म्हटलं, लिहूनच देतो.

१९७२ साली मी पाचवीत आपल्या शाळेत आलो. बोरी नदीच्या काठचं आमचं गाव शाळेपासून पायी तासाभराचं. ते दुष्काळाचं वर्ष. दादा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. शेतात पेरलेलं उगवलंच नव्हतं. दोन बैलांपैकी एक विकला होता आणि जू कुडाला टेकवून ठेवलेलं होतं. ते जू ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

शाळेत शनिवारी ग्रंथालयाचं कपाट उघडायचं. एका वर्गाला वीस-पंचवीस पुस्तकं वाटली जायची, आणि वाटणाऱ्या सरांना आवडनिवड विचारायची सोय नव्हती. हातात पडेल ते पुस्तक आठवडाभर तुमचं. मला एकदा शेतकरी आणि त्याच्या बैलांची गोष्ट मिळाली. पुस्तक कुणाचं, कुठलं, ते आठवत नाही. आठवतं ते डाव्या पानावरचं अख्खं चित्र : बैलगाडी, पागोटंवाला गाडीवान, मागे डोंगर.

रात्री चिमणीच्या उजेडात मी मोठ्यानं वाचायचो. घरात अहिराणी, पुस्तकात पुण्याकडची मराठी. मी "विहीर" वाचलं की माय पुटपुटायची, "हीर". जणू मीच चुकलोय. दादांना अक्षरओळख नव्हती. ते ऐकत पडून राहायचे, मध्येच झोपायचे. मला तेव्हा वाटायचं की पुस्तक माझं आहे आणि मी ते त्यांना वाढतो आहे.

त्या रात्री पान उलटताना चित्र दिसलं आणि दादा उठून बसले. पुस्तक हातात घेतलं, चिमणीजवळ नेलं, बराच वेळ बघितलं. मग खडीनं फुटलेलं बोट चित्रावर ठेवून म्हणाले, "जूले शिवयाच नहीत."

आमच्याकडे ळ चा य होतो, म्हणून शिवया. मराठीत शिवळा. खानदेशाबाहेरच्या आणि शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : जुवाच्या दोन्ही टोकांना खाली उतरलेल्या ज्या खुंट्या असतात, त्या शिवळा. दोन शिवळांच्या मध्ये बैलाची मान. त्या नसल्या तर जू नुसतंच मानेवर ठेवलेलं लाकूड.

मी म्हणालो, "पुस्तकात आहे ना तसं." दादा हसले. "मान काढीसन पयी जाई ना बैल!" मग मायला हाक मारून दाखवलं. तीही हसली. मग दोघांनी मिळून त्या चित्राची पार खांडोळी केली. चाकाला आरे किती, गाडीवानाचं पागोटं आपल्याकडचं नव्हे, बैलांची शिंगं तरी कुठल्या मुलखातली. गोष्ट बाजूलाच राहिली. मी पुस्तक धरून बसलेलो आणि माझे निरक्षर आईबाप त्या पुस्तकाशी भांडत होते. अक्षरांशी त्यांना कधी भांडता आलं नव्हतं. सातबारा असो नाहीतर सोसायटीचा कागद, तिथे ते अंगठा उठवून मोकळे व्हायचे. चित्रावर मात्र त्यांचा हक्क होता.

ही हकीकत मी सोमवारी चित्रकलेच्या सरांना सांगितली. खरं म्हणजे चहाडीच केली, पुस्तकाची चहाडी. सर आधी हसले, मग गप्प झाले. म्हणाले, "रविवारी येतो. जू आहे ना घरी?"

सर सायकलवर आले. कुडाला टेकवलेलं जू दादांनी अंगणात आणून धरलं आणि सरांनी पेन्सिलीनं ते वहीत उतरवलं. दादा सांगत होते, सर काढत होते. शिवळ किती लांब, वर किती, खाली किती, मानेखालून बांधायचं जुपणं कुठून कुठे जातं. एकदा सरांनी काढलेली रेघ दादांनी पुसायला लावली. मास्तराला पुसायला लावणारा माझा बाप! मायनं तोवर कोरा चहा केला. गूळही जपून वापरायचे दिवस होते, पण त्या दिवशी चहा गोड होता.

ते चित्र सरांनी शाळेच्या हस्तलिखितात चिकटवलं. आपल्या शाळेचं हस्तलिखित म्हणजे ड्रॉइंग पेपरवर सुंदर अक्षर असलेल्या मुलामुलींनी लिहिलेला, कापडी बांधणीचा एकच अंक. त्याची दुसरी प्रत नसे.

पुढे नववीत अजिंठ्याची सहल निघाली. सर बरोबर होते. सतराव्या लेण्यात जातककथांच्या भिंतींपुढे कुणीतरी विचारलं, "सर, हे लहान पोरांसाठी काढलंय का?" सर म्हणाले, "इथे पोरं कुठे होती? भिक्खू राहायचे." तेवढंच बोलून ते पुढे गेले, पण मला तिथेच थबकायला झालं. गोष्टी चित्रात सांगायच्या त्या पोरांना, हे तोवर मी धरून चाललो होतो. गावात आजीची शिवलीलामृताची पोथीही चित्रांचीच होती की. त्यातल्या महादेवाला हळदकुंकू लावून लावून त्याचा चेहरा केव्हाच गेला होता, पण आजी बरोबर त्या पानावर थांबायची.

परतताना सरांनी मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं या माणसाला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला नेमलं. वर्षानुवर्षं रानात राहून त्यानं मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनला गेले आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाले. त्यानंतर जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. पुन्हा प्रती झाल्या. त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. पण ग्रिफिथ्सनी त्यांचं पुस्तक काढलं, १८९६ मध्ये. भिंतीवरचं पोपडे धरून गळत होतं, कॅनव्हासवरचं जळलं, पुस्तकात छापलेलं उरलं. गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. भुसावळवरून इतक्या गाड्या जातात, किती जणांना ठाऊक असेल?

मी छापखान्यात शिरलो त्याला ही आगींची गोष्ट कारणीभूत आहे असं म्हणणं बरं दिसेल, पण खरं कारण दहावीचे मार्क.

खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केली. चित्र म्हणजे काय भानगड असते ते तिथे कळलं. चित्राचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे, तो लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा करायचा आणि मजकुरात बसवायचा. ब्लॉकचा हिशेब चौरस इंचावर. त्यामुळे लेखक चित्र मागायला लागला की प्रकाशक पट्टी काढायचा. फोटोचा ठिपक्याठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक तर साध्या कागदावर काळा गिचका व्हायचा, त्याला वेगळा गुळगुळीत आर्ट पेपर लागे. रेघांचं चित्र मात्र मजकुरासोबत त्याच कागदावर स्वच्छ उठायचं. जुन्या पुस्तकांत आत रेघांची चित्रं आणि फोटो तेवढे वेगळ्या चकचकीत पानावर असतात, त्याचं कारण हे. लग्नपत्रिकांचा गणपती आमच्याकडे एकच होता. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यानं लावली. सोंड झिजली तरी कुणी तक्रार केली नाही.

मोठ्यांच्या पुस्तकातली चित्रं कमी होत गेली ती माझ्या डोळ्यांदेखत. दिवाळी अंकांतून दीनानाथ दलालांची चित्रं बघत वाढलेली पिढी होती. वसंत सरवट्यांच्या रेघांशिवाय पु. ल. देशपांड्यांची माणसं डोळ्यांपुढे येत नाहीत असे वाचक मी पाहिलेत. सलूनमध्ये चांदोबासाठी नंबर लावून बसलेली बाप्येमाणसं पाहिलीत, आणि त्यांना वेताळ हवा असायचा तो शंकर यांनी काढलेला, विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारा. मग ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, चित्र छापणं सोपं झालं, आणि नेमकी तेव्हाच पुस्तकातली चित्रं गेली. विचारलं की प्रकाशक म्हणायचे, वाचकाच्या कल्पनाशक्तीला वाव राहिला पाहिजे.

हे मला अर्धंच पटतं. कादंबरीतल्या नायिकेचा चेहरा काढू नये, तो ज्याचा त्याला दिसू द्यावा. (सरवटे अपवाद. सरवट्यांना सगळं माफ.) पण वस्तूचं काय? आपल्या ग्रामीण लेखकांनी मोट लिहिली, नाडा लिहिला, सोंदूर लिहिला, धाव आणि थारोळं लिहिलं. माझी नात पुण्यात शिकते, वाचणारी आहे. ती या शब्दांवरून अशी उडी मारून जाते जशी एसटी विनंती थांब्यावरून जाते. शब्दकोशात मोट बघितली तर "चामड्याचे पाणी काढण्याचे साधन." एवढ्यानं काय दिसतं? तिथे समासात दोन इंचाचं रेघांचं चित्र असतं तर बैल धावेवरून उतरताना नाड्यानं विहिरीतली मोट वर येते आणि सोंदूरानं ओढलेल्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडतं, हे तिला एका नजरेत कळलं असतं. आणि इथे फोटो चालत नाही. फोटोत चिखल येतो, सावली येते, मागचं झाड येतं. चित्रात काढणारा ठरवतो काय दाखवायचं ते. पक्ष्यांच्या आणि शरीररचनेच्या पुस्तकांत अजूनही हातानं काढलेली चित्रं असतात ती उगीच नाही.

पोरांच्या पुस्तकांचं दुखणं उलटं आहे. तिथे चित्रांचा नुसता पूर. पण घर म्हटलं की लाल कौलं आणि धुरांडं. आमच्याकडे धाब्याची घरं, वर माती चोपलेली, त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. ते घर खानदेशातल्या पोराला पुस्तकात कधी भेटलंच नाही.

दुसऱ्यांना नावं ठेवतोय, पण यात मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे. छापखान्यात कॉम्प्युटर आला त्या काळात केळी लागवडीवरची एक माहितीपुस्तिका माझ्याकडे आली. चित्र हवं होतं. काढणाऱ्याला पैसे द्यायचे जिवावर आलं आणि मी सीडीवरचं तयार चित्र उचलून मुखपृष्ठावर लावलं. पाच रंगांचं वाटावं असं झगझगीत. हजार प्रती छापून झाल्या. यावलकडचे एक म्हातारे केळीवाले प्रत न्यायला आले, मुखपृष्ठाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "घड कोणी उलटा टांगला?"

केळीचा घड खाली झुकतो, टोकाला केळफूल लोंबतं, पण फण्यांमधली केळी वाढताना वर वळतात. माझ्या चित्रात सगळी केळी खाली तोंड करून होती. रावेर-यावलच्या पोराला सांगावं लागत नाही अशी गोष्ट. मी चाळीशी गाठलेला माणूस, तापीच्या खोऱ्यात जन्म गेला, आणि मला ती दिसली नाही. दादा तोवर गेले होते. असते तर पुस्तिका चिमणीजवळ नेऊन बघितली असती.

मुखपृष्ठ पुन्हा छापलं, माझ्या खर्चानं. या वेळी चित्र हातानं काढून घेतलं, केळीच्या बागेत उभं राहून.

तर स्मरणिका समितीला विनंती. गेल्या महिन्यात शाळेत आलो तेव्हा कपाटाच्या तळाशी ते हस्तलिखित सापडलं. जुवाचं चित्र अजून आहे. खाली सरांच्या अक्षरात लिहिलंय, "सुधारणा सुचवणारे : एक पालक." नव्वदातले चार फोटो कमी करा आणि या चित्राला पाव पान द्या. डाव्या कोपऱ्यातली एक शिवळ वाळवीनं खाल्ली आहे. तुमच्याकडचा मुलगा म्हणाला, कॉम्प्युटरवर जोडून देतो. मी नको म्हटलं. आहे तसं छापा. बाकीच्या तीन आहेत.