रंगकामाचे बत्तीस हजार

३१ मे २०२३ ला कोथरूडचं घर सोडलं. किल्ल्या घरमालक काकांच्या हातात दिल्या. त्यांनी घरभर एक फेरी मारली, "ठीक आहे" म्हणाले आणि डिपॉझिट आठवडाभरात देतो असं सांगितलं. आठवा दिवस उजाडला तेव्हा पैशांऐवजी व्हॉट्सॲपवर एक यादी आली. रंगकाम ३२,०००, डीप क्लीनिंग ५,५००, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या ८,०००, बाथरूमचा नळ १,८००, शेवटचं वीजबिल १,४५०. आमच्या ७५,००० मधून ४८,७५० वजा, उरले २६,२५०.

यादी वाचून हातपाय गळाले. नव्या घराचं डिपॉझिट आम्ही दिराकडून उसने घेऊन भरलं होतं. नवरा लगेच फोन लावायला निघाला, मी त्याला थांबवलं. फोनवर आवाज चढतात आणि दुसऱ्या दिवशी कोण काय बोललं याचा काहीच पुरावा उरत नाही. त्यामुळे पुढचं सगळं लिहूनच करायचं असं ठरवलं. या सगळ्या प्रकरणात मी घेतलेला सर्वात चांगला निर्णय हाच.

आधी करारनामा काढला. आमचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायच्या परवान्याचा करार, दर अकरा महिन्यांनी नवा होई, असे तीन करार झाले. तिसऱ्या वेळी काका म्हणाले होते, "आता ओळख झालीय, कशाला रजिस्ट्रेशनचा खर्च, नोटरी करून टाकू." खर्च निम्मा निम्मा होता, तरी मी नको म्हटलं आणि ऑनलाइन नोंदणी करूनच घेतली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मला त्या वेळी एवढं माहीत नव्हतं, कागद पक्का असावा इतकंच वाटत होतं.

करारात रंगाबद्दल एक अक्षरही नव्हतं. जागा "नैसर्गिक झीज वगळता" घेतली तशी परत करायची, एवढं एकच वाक्य होतं. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, रंगाचं सगळीकडे कापतातच." पुण्यातल्या बऱ्याच करारांत रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापण्याची अट असते हे खरं आहे, आणि ती असती तर मी सही केली म्हणून गप्प बसले असते. पण न लिहिलेली अट पाळायची कशी?

मग जुने फोटो शोधले. सप्टेंबर २०२० मध्ये राहायला आलो त्या दिवशी मी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून काकांना पाठवले होते. सिंकखालच्या ट्रॉलीला गंज होता, तो त्यात स्पष्ट दिसत होता. त्याच दिवशीचा काकांचा मेसेजही सापडला: "रंग दोनच वर्षांपूर्वी दिलाय, भिंती छान आहेत." म्हणजे आम्ही घर सोडलं तेव्हा तो रंग पाच वर्षांचा झाला होता. पाच वर्षांनी कोणत्याही घराला रंग द्यावाच लागतो, तिथे आम्ही राहिलो असतो किंवा नसतो. तो मेसेज वाचल्यावर मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

आमच्याकडूनही नुकसान झालं होतं. नळाची मूठ आमच्याच हातून तुटली आणि लेकीने बेडरूमच्या एका भिंतीवर खडूने मोठी चित्रं काढली होती. ती झीज नव्हे, ते भरून देणं आमचं काम. ओळखीच्या रंगाऱ्याला फोटो दाखवून त्या एका भिंतीच्या पुट्टीचा आणि दोन हात रंगाचा अंदाज लेखी घेतला: २,५००. मग काकांना सविस्तर लिहिलं. वीजबिल, नळ आणि ती भिंत मान्य, मिळून ५,७५०. बाकीच्या कामांची बिलं पाठवा, अन्यथा ६९,२५० परत करा. सोबत फोटो आणि त्यांचाच मेसेज जोडला.

बिलं आली नाहीत. "तुम्हाला घरच्यासारखं वागवलं" असं मात्र आलं. ते खरंही होतं. लॉकडाऊनमध्ये काकूंनी दोनदा डबा पाठवला होता, आणि म्हणूनच पुढचं पाऊल उचलताना मला फार जड गेलं.

जुलैमध्ये एका वकील बाईंकडे गेलो. त्यांनी नीट समजावलं. भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याला नैसर्गिक झीज माफ असते हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. आमचा करार परवान्याचा, भाडेपट्ट्याचा नव्हे, पण तेच शब्द आमच्या करारात असल्यामुळे आधार तिथेच मिळत होता. नुकसानभरपाई मागायची तर नुकसान दाखवावं लागतं, नुसता आकडा सांगून चालत नाही. कोर्टात वेळ किती जाईल हेही त्यांनी लपवलं नाही. पंधरा दिवसांची नोटीस रजिस्टर ए.डी.ने गेली.

शेवटच्या महिन्याचं भाडं देऊ नका, डिपॉझिटमधून वळतं करा, असं आम्हाला अनेकांनी सुचवलं होतं. आम्ही ते भरलं. त्यामुळे आमचे जास्त पैसे अडकले, हे मान्य. पण नोटिशीत "एकही भाडं थकीत नाही" हे वाक्य बिनदिक्कत लिहिता आलं.

नोटीस पोचल्यावर चौथ्या दिवशी काकांच्या मुलाचा फोन आला. त्याला गंजाचा फोटो कुणी दाखवलाच नव्हता. त्याने रंग आणि ट्रॉल्या सोडून दिल्या. घर आम्ही झाडून-पुसून दिलं असलं तरी चिमणीचं तेल राहिलं होतं, म्हणून सफाईचे अर्धे, २,७५०, मी कबूल केले. ९ ऑगस्टला ६६,५०० खात्यात आले. बाकी काही नाही अशी दोघांच्या सह्यांची चिठ्ठी केली. काकूंना मी वेगळा फोन केला. त्या फार बोलल्या नाहीत, लेकीची चौकशी मात्र केली.

नव्या घरमालकीणबाईंकडे मी घराच्या अवस्थेची दोन पानी यादी घेऊन गेले, त्यांना राग येईल अशी धाकधूक होती. त्यांनी चष्मा लावला, माझ्याबरोबर खोली खोली फिरल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला खालचा स्क्रू नाही हे त्यांनीच मला लिहायला लावलं.