डिक लेन आणि १९५२ चा हंगाम

बारा सामने आणि चौदा इंटरसेप्शन, म्हणजे विरोधी संघाने फेकलेला चेंडू चौदा वेळा मध्येच टिपणे. १९५२ साली अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील लॉस एंजेलिस रॅम्स संघाकडून खेळताना डिक लेन यांनी केलेला हा विक्रम आजतागायत कोणालाही मोडता आलेला नाही. लेन यांचा तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला पहिलाच हंगाम होता. शिवाय ते ज्या बचावाच्या जागेवर खेळले, त्या जागेसाठी संघाने त्यांना घेतलेच नव्हते.

मिशिगनमध्ये राहायला आल्यानंतर पहिली काही वर्षे अमेरिकन फुटबॉल मला अंगावर अंग आदळण्याचा खेळ वाटत असे. तो समजू लागला तो बचाव फळीच्या मागच्या खेळाडूंवर, विशेषतः कॉर्नरबॅकवर नजर ठेवायला शिकल्यावर. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलण्यासाठी मैदानाच्या कडेने सुसाट निघालेल्या रिसीव्हरला बहुधा एकट्याने रोखणे, हे कॉर्नरबॅकचे काम. रिसीव्हरला आपण कोठे वळणार आहोत हे आधीपासून ठाऊक असते. कॉर्नरबॅकला ते समोरच्याच्या कमरेवरून आणि पावलांवरून ओळखावे लागते, आणि तेही अनेकदा उलट्या पावली धावत असताना. रिसीव्हरसाठी आलेला चेंडू त्याने मध्येच टिपला, तर ते इंटरसेप्शन. कबड्डीतला कोपऱ्यावरचा खेळाडू आठवून मी सुरुवातीला हे समजून घेतले, परंतु त्या कोपऱ्यावर चढाईपटूला साखळीने घेरता येते; कॉर्नरबॅकला पुष्कळदा साखळीच नसते.

लेन यांचा जन्म टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे १९२८ साली झाला. तान्हे असतानाच जन्मदात्यांनी त्यांना कचऱ्यात टाकून दिले होते. रडण्याचा आवाज ऐकून एला लेन नावाच्या विधवा बाईंनी त्या बाळाला उचलून घरी आणले, स्वतःच्या मुलांबरोबर वाढवले आणि आपले आडनाव दिले. पुढे नेब्रास्कातील स्कॉट्सब्लफ येथील कनिष्ठ महाविद्यालयात ते एक हंगाम खेळले आणि मग चार वर्षे सैन्यात राहिले. तेथेही ते कॅलिफोर्नियातील फोर्ट ऑर्ड तळाच्या संघातून फुटबॉल खेळत.

सैन्यातून बाहेर पडल्यावर लॉस एंजेलिसमधील विमानांच्या कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. तेलाने माखलेले धातूचे जड पत्रे उचलून यंत्रात घालायचे, हे तिथले काम. ज्या बसने ते कामाला जात, ती रॅम्सच्या कार्यालयावरून जात असे. एके दिवशी ते आपल्या खेळाविषयीच्या कात्रणांची वही घेऊन सरळ त्या कार्यालयात गेले. मोठ्या विद्यापीठाचे नाव पाठीशी नसलेल्या या चोवीस वर्षांच्या तरुणाला प्रशिक्षक जो स्टायडाहार यांनी सराव शिबिरात संधी दिली, ती रिसीव्हर म्हणून.

मात्र १९५१ चे विजेतेपद मिळवलेल्या या संघात रिसीव्हर म्हणून टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श हे दोघे होते. त्यांच्यासमोर नवख्याला जागा मिळणे कठीण होते, म्हणून लेन यांना बचावात, कॉर्नरबॅकच्या जागी, हलवण्यात आले. खेळाची आखणी समजून घेण्यासाठी ते वरचेवर फिअर्स यांच्या खोलीवर जात, आणि तेथे त्या वर्षी गाजत असलेली ‘नाइट ट्रेन’ ही तबकडी वाजत असे. त्यावरून त्यांना ‘नाइट ट्रेन’ हे टोपणनाव पडले. त्यात आपल्या कृष्णवर्णाची खोच असावी, असे वाटून त्यांना ते आधी रुचले नव्हते. वॉशिंग्टन संघाच्या ‘चू चू’ (म्हणजे झुकझुक गाडी) जस्टिस यांना त्यांनी अडवल्यावर, नाइट ट्रेनने चू चू रुळावरून घसरवली, अशा अर्थाचा मथळा वर्तमानपत्रात आला आणि तेव्हापासून ते नाव त्यांनी आपलेसे केले, असे सांगितले जाते.

या विक्रमाबद्दल बोलताना एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. त्या काळी क्वार्टरबॅक आजच्यापेक्षा अधिक धोका पत्करून चेंडू फेकत, आणि रिसीव्हरला वाटेत धक्के देण्याची मुभा बचावपटूला आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त होती. १९४८ मध्ये डॅन सँडिफर आणि १९५० मध्ये स्पेक सँडर्स तेरापर्यंत पोहोचले होते, हेही खरे. परंतु हंगाम पुढे चौदा, मग सोळा आणि २०२१ पासून सतरा सामन्यांचा झाला, तरी चौदाची बरोबरीसुद्धा झालेली नाही. १९८० मध्ये लेस्टर हेज सोळा सामन्यांत तेरावर थांबले. केवळ काळाची कृपा म्हणून याचा निकाल लावणे मला पटत नाही. लेन यांची पद्धतच निराळी होती. ते रिसीव्हरला मुद्दाम थोडी मोकळीक देत. तो एकटा आहे असे वाटून क्वार्टरबॅकने चेंडू सोडला की मधले अंतर लांब ढांगा टाकत काही क्षणांत मिटवत. चेंडू झेलणाऱ्याची नजर कोठे असते आणि हात केव्हा वर जातात, हे त्यांना स्वतः रिसीव्हर असल्यामुळे ठाऊक होते. आक्रमणात जागा मिळाली नाही म्हणून वाया गेले असे वाटणारे शिक्षण इथे कामी आले, असे मला वाटते.

त्यांच्या खेळाची दुसरी बाजू मात्र डोळे झाकून कौतुक करण्यासारखी नाही. रिसीव्हरला ते गळ्याशी किंवा डोक्याशी पकडून खाली आणत. या पकडीला ‘नाइट ट्रेन नेकटाय’ असे नावच पडले होते. पाय धरला तर माणूस आणखी दोन यार्ड पुढे पडतो, मान धरली की जागच्या जागी थांबतो, असा त्यामागचा हिशोब होता. १९६२ मध्ये लीगने कोणाच्याही शिरस्त्राणाची जाळी पकडण्यास बंदी घातली आणि गळ्याला धरून खाली पाडणेही पुढे नियमबाह्य ठरले. लेन यांच्याविषयी मला कितीही आदर असला, तरी ही बंदी योग्यच होती. मानेला होणारी दुखापत माणसाला कायमचे अधू करू शकते.

१९५४ मध्ये ते शिकागो कार्डिनल्सकडे गेले आणि दहा इंटरसेप्शनसह पुन्हा लीगमध्ये पहिले आले. १९६० ते १९६५ ते आमच्या डेट्रॉइट लायन्सकडून खेळले. १९६२ च्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला लायन्सनी ग्रीन बे पॅकर्सला २६-१४ असे हरवले, तो पॅकर्सचा त्या हंगामातला एकमेव पराभव होता. इथली वयस्कर मंडळी आजही त्याविषयी भरभरून बोलतात. विजेतेपद मात्र लेन यांच्या वाट्याला कधीच आले नाही. रॅम्स १९५१ मध्ये जिंकले आणि लायन्स १९५७ मध्ये, म्हणजे दोन्ही ठिकाणी ते पोहोचण्याआधीच.

१९६३ साली त्यांनी प्रख्यात गायिका डायना वॉशिंग्टन यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनामुळे, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी डायना यांचे डेट्रॉइटमध्ये निधन झाले. त्यानंतरही लेन दोन हंगाम खेळले आणि कारकीर्दीतील एकूण ६८ इंटरसेप्शनवर थांबले. आजही सर्वकालीन यादीत ते चौथ्या क्रमांकावर आहेत. १९७४ मध्ये कँटन येथील हॉल ऑफ फेम या फुटबॉलपटूंच्या गौरव दालनात त्यांना स्थान मिळाले.

माझ्या मनात सर्वांत जास्त घर केले आहे ते त्यांच्या त्यानंतरच्या आयुष्याने. १९७५ पासून सुमारे सतरा वर्षे त्यांनी डेट्रॉइटमध्ये पोलीस ॲथलेटिक लीगचे काम पाहिले. शहरातील मुलांना पोलिसांच्या मदतीने खेळाची मैदाने आणि संघ मिळवून देणारी ही संस्था. कारखाने बंद पडत होते आणि लोक शहर सोडून चालले होते, अशा काळात ते तेथे राहिले. निवृत्तीनंतर ते ऑस्टिनला परतले, आणि जानेवारी २००२ मध्ये तेथेच, एला लेन यांनी त्यांना जेथे उचलून घेतले त्या गावी, त्यांचे निधन झाले.