आमची वाटचाल : परांची बांधणारी माणसं

आम्ही तिघांनी काम सुरू केलं ते थ्रीडी प्रिंटरवर हाडांची मॉडेलं छापण्यापासून. सीटी स्कॅनवरून कवटी, जबडा छापून द्यायचा, सर्जन त्यावर शस्त्रक्रियेची आखणी करायचे. एकदा एका अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारलं, "हाड कसं दिसतं ते दाखवता, मग गेलेल्या हाडाच्या जागी बसेल असं काही का करत नाही?"

हाडातली पोकळी मोठी असली की ती आपोआप भरत नाही. मग रुग्णाच्याच कमरेचं हाड काढून तिथे बसवतात. म्हणजे दुसरी जखम, आणि हाड मिळणार तेही मोजकंच. त्याऐवजी आम्ही छापतो तो स्कॅफोल्ड, म्हणजे पोकळीत बसवायची सच्छिद्र जाळी. ती इमारतीची परांचीच: तिच्या आधाराने पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात, नवं हाड धरतं आणि परांची हळूहळू विरघळते.

प्लास्टिक आम्ही पॉलिकॅप्रोलॅक्टोन घेतलं. साधारण 60 अंशांना वितळतं, छापायला सोपं. पण पेशींना ते फारसं रुचत नाही. खऱ्या हाडात वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज असतं. म्हणून प्लास्टिकमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाची भुकटी मिसळायची. इथे आम्ही हावरटपणा केला. भुकटी जास्त तितकं हाडासारखं, असा हिशोब. छपाईची प्लास्टिकची तार खडूसारखी मोडायची आणि भुकटीच्या गाठी होऊन नोझल, म्हणजे प्रिंटरचं तोंड, चोंदायचं. ते कित्येक महिने छपाईपेक्षा नोझल साफ करण्यातच गेले. शेवटी भुकटी नीट वाळवून, चाळून, वजनाने 20 टक्क्यांवर थांबलो.

जाळीतली छिद्रं केवढी असावीत, हा वाद आजही मिटलेला नाही. आम्ही 300 ते 500 मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) राहतो. त्याहून बारीक छिद्रांत रक्तवाहिन्या कशाबशा शिरतात, मोठी केली की ताकद घटते.

सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग निर्जंतुकीकरणाचा. पहिले चाचणीचे नमुने प्रयोगशाळेने रीतसर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात ठेवले, 121 अंशांना. परत आलं ते ट्रेमध्ये पसरलेलं पांढरं थारोळं. चूक आमचीच, पाकिटावर सूचना लिहिली नव्हती. आता इथिलीन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरण वापरतो. गॅमाने प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या बदलू शकतात, म्हणून त्यानंतर ताकद पुन्हा मोजतो.

सध्या माल जातो तो संशोधन प्रयोगशाळांना. माणसात बसवायचं तर आयएसओ 10993 या मानकानुसार जैवसुसंगततेच्या, म्हणजे शरीराला अपाय होत नाही ना हे पाहणाऱ्या चाचण्या, प्राण्यांवरचे आणि मग रुग्णांवरचे अभ्यास, अशी लांब रांग आहे. "तुम्ही हाड छापता ना?" असं कुणी कौतुकाने विचारलं की मला अवघडल्यासारखं होतं. आम्ही रिकामी जागा छापतो, हाड शरीर करतं.

मांडीच्या हाडासाठीही विचारणा येते. तिथे आम्ही नुसता स्कॅफोल्ड देत नाही. हाडाचं टणक कवच 100 मेगापास्कलहून जास्त दाब सोसतं. आमची जाळी फार तर आतल्या जाळीदार हाडाची बरोबरी करते. सोबत धातूची पट्टी आणि स्क्रू हवेतच, हे आम्ही पहिल्याच पत्रात कळवतो. काही ऑर्डरी त्यामुळे परत जातात.