शाओलिन: वाटाड्याला पैसे देण्याआधी शिलालेख पाहा

चीनमधील शाओलिन या बौद्ध मठाच्या दारातच आम्हाला वाटाड्याने सांगितले की, भारतातून आलेल्या बोधिधर्माने येथील भिक्षूंना कुंग फू शिकवले. आम्ही भारतीय आहोत हे कळताच ती कथा त्याने आणखी रंगवली आणि तिचे वेगळे पैसे मागितले. असे पैसे कोणीही देऊ नयेत. मठातील इ.स. ७२८ च्या शिलालेखात, ६२१ मध्ये, पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनच्या बाजूने लढलेल्या भिक्षूंची नोंद आहे. बोधिधर्माला मात्र त्यात शस्त्रविद्येचे श्रेय कोठेही दिलेले नाही. कुंग फूचा संबंध त्याच्याशी जोडला गेला तो फार उशिरा, १६२४ च्या सुमारास लिहिलेल्या 'यीजिन्जिंग' या स्नायुसाधनेच्या ग्रंथातून, आणि हा ग्रंथ रचणारा स्वतः ताओपंथी, म्हणजे बौद्ध नव्हे तर चीनच्या जुन्या ताओ पंथाचा, होता. श्वास आणि शरीर एकत्र राबवण्याची ताओपंथीयांची जुनी साधना अशा रीतीने झेन या ध्यानमार्गी बौद्ध पंथाच्या आद्य आचार्याच्या, म्हणजे बोधिधर्माच्या, नावावर जमा झाली. माझ्या मते ही खरी हकीकत त्या भाकडकथेपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

बोधिधर्म नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसला असे जिच्याविषयी सांगतात, ती दामो (बोधिधर्माचे चिनी नाव) गुहा मठामागच्या वूरू शिखरावर आहे. तेथवरच्या दगडी पायऱ्यांविषयी आम्हाला कोणीही बजावले नव्हते. चढ सलग आणि उभा असून सावली जवळजवळ नाही, पाण्याचा भाव उंचीबरोबर वाढत जातो, आणि उतरताना तर गुडघ्यांची परीक्षाच होते. पाणी खालूनच घ्यावे, हातात काठी असावी, आणि सकाळी दार उघडताच आधी गुहा गाठावी. दुपारी चढण्याचा विचारही करू नये. एवढे करून वर दिसते ती एक छोटी, अंधारी गुहा, पण निश्चल बसण्यातून मन घडवण्याचा झेनचा आग्रह मला जेवढा तेथे धापा टाकताना उमगला तेवढा पुस्तकांतून कधी उमगला नव्हता.

खाली आल्यावर सहस्रबुद्ध दालनाची विटांची जमीन अवश्य पाहावी. पिढ्यानपिढ्या भिक्षूंनी एकाच जागी पाय आपटून सराव केल्याने तिला खळगे पडले, असे सांगतात. काही खळगे पसरट थाळीएवढे आहेत. कुंग फूच्या कसरतींचा खेळ वगळला तरी चालेल. मुक्काम मात्र मठाजवळच्या डेंगफेंग शहरातच करावा, कारण चेंगचौ या दूरच्या मोठ्या शहराहून सकाळी निघाल्यास गुहेची चढण ऐन उन्हात येते.