शाळेचं विमान की घरचं?

आज सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर एका गोऱ्या आजोबांचं सेसना १७२ हे छोटं विमान बघून आलो, भाड्याने देणारेत. जुनंय, पण जपलंय असं की आत बसताना बूट पुसावेसे वाटले, नाहीतर फ्लाइंग स्कूलची विमानं, दिवसभर शिकाऊ पोरं धाडधाड आपटतात, वर मुक्कामी नेलं की रोजचे किमान तास भरा! इथे पैसे टॅकवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या मीटरवर, इंजिन हळू तर मीटरही हळू, स्कूलचा हॉब्स मीटर इंजिन चालू आहे तोवर घड्याळासारखा पळतो. पण स्कूलच्या विमानाला दर १०० तासांनी तपासणी लागते, नुसतं भाड्याने दिलेल्या खासगीला वार्षिक पुरते. इन्शुरन्सचं विचारलं तर आजोबा म्हणे आहे ना! आहे हो, पण त्यांचा, भाड्याने घेणारा त्यात बसतो का? पॉलिसी वाचल्याशिवाय चावी घेणार नाही बुवा, विमानाच्या देखभालीच्या लॉगबुकचे फोटोही मागितलेत.