एएम अजून का शिकवता, मॅडम?

दर वर्षी हा प्रश्न येतो. एएम म्हणजे जुन्या रेडिओची ॲनालॉग पद्धत, आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त करायची. हल्ली पालकही विचारतात, "मॅडम, सगळं डिजिटल झालं, मग पोरांना ॲनालॉग कशाला?" आजवर मी "सिलॅबसला आहे म्हणून" एवढंच सांगत आले. ते खोटं नाही, पण पळपुटं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तुमच्याच बाजूची होते. मॉड्युलेशन, म्हणजे संदेश लहरीवर बसवणं (एएम त्यातलंच), आठवड्यात उरकलं आणि पीसीएमवर, म्हणजे आवाज ठरावीक वेळाने मोजून (ती मोजमापं म्हणजे सॅम्पल) त्याचे शून्य-एकचे बिट करण्यावर, महिना घालवला. फोनवरचा आवाज 300 ते 3400 हर्ट्झ, सेकंदाला 8000 सॅम्पल, प्रत्येकी 8 बिट, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट. हा गुणाकार फळ्यावर मांडला की माझं मलाच भारी वाटायचं. त्या भरात बोलून गेले, "डिजिटलला नॉइजचा त्रासच नाही."

मागच्या बाकावरून शिरपूरकडचा एक मुलगा उठला. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढणारी माणसं. बोलता बोलता तो अहिराणीवर आला, "मॅडम, आजोबाना रेडू खरखर करस, पन गानं चालूच ऱ्हास. मोबाईल मातर एकदम मरी जास. असं का?"

वर्ग हसला, त्याच्या अहिराणीला. मार्चची दुपार, लाईट गेलेली, आणि मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणाले, "हे पेपरला येत नाही. बस खाली." तो बसला. पेनाला टोपण लावलं, वही मिटली. ते टोपण लावणं मला अजून दिसतं. वर्ष संपेपर्यंत त्याने एक प्रश्न विचारला नाही.

उत्तर त्याच रात्री सापडलं. आजोबांचा रेडिओ एएमचा. एएममध्ये नॉइज, म्हणजे नको असलेला गोंगाट, थेट आवाजात मिसळतो, म्हणून सिग्नल उतरत जातो तशी खरखर वाढते, पण शब्द बराच वेळ कळत राहतात. डिजिटलचा रिसीव्हर शून्य की एक, हा निवाडा करतो. चुकलेले बिट दुरुस्त होताहेत तोवर आवाज लख्ख, त्यापलीकडे गेले की आधी तुकडे, मग काहीच नाही. आणि टॉवरपासून त्या टाकीपर्यंत जी जाते ती लहरच असते. बिट बसवायचे तिच्याच फेजमध्ये (चढउताराच्या वेळेत), तिच्याच ॲम्प्लिट्यूडमध्ये (उंचीत). म्हणजे मी आठवड्यात उरकलेल्या धड्यातच सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पोर्शन मागे आहे, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे बाई चुकली, हे वर्गाला कळू द्यायचं नव्हतं.

तुमचंही सगळं चूक नाही. सुपरहेटची, म्हणजे रेडिओच्या रिसीव्हरची, आकृती त्यातल्या 455 किलोहर्ट्झसकट घोकून कुणाला नोकरी लागत नाही. माझी बहुतेक मुलं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांनी रेडिओ उघडूनही पाहिलेला नाही. मग माझा हट्ट कशासाठी? त्या मुलाची भरपाई इतरांकडून करून घेतेय का? असेलही.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "पावसात डिशवरच्या टीव्हीचे आधी चौकोन का होतात?" तास संपायला चार मिनिटं होती, पोर्शन नेहमीसारखा मागे. मी म्हणाले, "उद्या." या वेळी खरंच दुसऱ्या दिवशी अख्खा तास त्यावर घेतला. निम्मा वर्ग कॅम्पस ड्राइव्हला गेला होता. तीही.