तळातलं पाणी येतं कुठून? लाकडी होडीच्या दुरुस्तीची नोंद, दुसरा हंगाम

आधी आजची स्थिती सांगतो. होडी खाडीत नांगरावर आहे आणि दिवस-रात्रीत तळात जमणारं पाणी दीड लिटरच्या आसपास आलं आहे. दिवाळीनंतर तिला पाण्यात सोडली तेव्हा सकाळ-संध्याकाळ बादल्या भरून उपसा चालला होता. मधल्या काळात काय काय केलं, ते जुन्या लाकडी होड्या जपणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तपशिलात लिहितो.

होडी देवगडची, २२ फुटी, पूर्वी मासेमारीला होती. आता एक शीड आणि एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. फळ्या वांकांवर, म्हणजे आतल्या बाकदार फासळ्यांवर, खिळ्यांनी मारलेल्या, फटींत कापूस ठासलेला. तळाची सगळ्यात खोल जागा इंजिनाच्या थोडी पुढे येते आणि सगळं पाणी अखेर तिथे जमतं, निदान जमायला हवं.

बहुतेक जण इथेच मोठा पंप आणून बसवतात. मला ते पटत नाही. पंप पाणी बाहेर टाकतो, पण ते आलं कुठून हे सांगत नाही. उलट ऑटोमॅटिक पंप चालू राहिला की गळती वाढतेय हेच कळेनासं होतं, आणि कळतं ते बॅटरी बसल्यावर. म्हणून पहिले काही आठवडे ऑटोमॅटिक स्विच मुद्दाम बंद ठेवला आणि पाणी हाताने उपसून मापाच्या बादलीने मोजलं. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: किती लिटर, किती तासांत, आणि त्या वेळात काय झालं. होडी नुसती उभी होती, इंजिन चाललं, पाऊस पडला की शिडावर एका अंगाला कलून फिरली. ही शेवटची नोंद सगळ्यात कामाची ठरली. उभ्या होडीत येणारं पाणी, इंजिन चालल्यावर येणारं आणि कलल्यावर येणारं, या तीन वेगळ्या वाटा आहेत.

दुसरं काम, पाणी गोडं की खारं ते बघणं. बोट बुडवून चाखणारे पुष्कळ आहेत, पण तळात डिझेल आणि बुरशी असते, तेव्हा तो नाद नको. घरच्या पाण्याच्या फिल्टरबरोबर मिळतो तो पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पुरतो. समुद्राच्या पाण्यात क्षार सुमारे ३५,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), आणि हे स्वस्त मीटर तिथपर्यंत जात नाहीत. म्हणून एक भाग तळातलं पाणी आणि नऊ भाग फिल्टरचं पाणी मिसळून मोजायचं. आकडा साडेतीन हजारांच्या जवळ आला तर पाणी समुद्राचं, शंभर-दोनशेत अडकला तर पावसाचं किंवा पिण्याच्या टाकीचं. मधला आला तर दोन्ही वाटा उघड्या आहेत. मात्र आपल्या खाड्यांत ही परीक्षा पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस फसवी ठरते, कारण नदीच्या लोंढ्याने खाडीच जवळजवळ गोडी झालेली असते. होडीबाहेरचं पाणी आधी मोजा, मग आतलं. मी डिसेंबरपासूनचेच आकडे धरले.

आकडे बघता पाणी जवळजवळ सगळं खारं होतं आणि होडी नुसती उभी असतानाही येत होतं. म्हणजे पाण्याखालची फट किंवा शाफ्टची ग्लँड, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा होडीबाहेर पडतो तिथलं पाणी अडवणारं बूच.

ग्लँडचा हिशेब सोपा. जुन्या पद्धतीच्या, ग्रीसमध्ये भिजवलेल्या दोरीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, त्या थेंबांनीच ती थंड राहते. २० थेंबांचा साधारण एक मिलिलिटर. मिनिटाला १० थेंब धरले तर दिवसाला पाऊण लिटरही होत नाही. मिनिटाला ६० थेंब, म्हणजे सेकंदाला एक, पडले तर मात्र दिवसाला चार लिटरांच्या वर. इंजिन बंद असताना गळ जवळपास थांबायला हवी. टॉर्च लावून बघितलं तर तिथे बंद शाफ्टवरही संथ थेंब चालू होता. नट पाव फेऱ्यापेक्षा कमी आवळला, लॉकनट लावला, इंजिन चालवून ग्लँडवर हात ठेवून पाहिलं. कोमट चालते, हात टेकवेना इतकी तापली तर नट जास्त बसलाय असं समजायचं, कारण कोरडी दोरी शाफ्टला चरे पाडते आणि मग कितीही आवळलं तरी गळ थांबत नाही. यातून लिटर-दोन लिटर वाचले. बाकीचं पाणी अजून होतंच.

ते शोधायला गावातल्या मेस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी पंपाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आतसून दिसाचा नाय. सुकतीक वर घे, आत पाणी भर आणि भायरसून बघ." सुकती म्हणजे ओहोटी.

उधाणाच्या दिवसांत भरतीला होडी वाळूच्या उतारावर घेतली, दोन्ही अंगांना टेकू दिले आणि ओहोटीची वाट पाहिली. पाणी पूर्ण उतरल्यावर बाहेरची अंगं गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडी केली, फटींवर पांढऱ्या खडूची पूड चोळली आणि आतून, फळ्या भिजतील इतकंच, बादलीने पाणी भरलं. जास्त भरू नये. बाहेरून पाण्याचा आधार नसताना आतलं वजन फळ्यांवर आणि खिळ्यांवर येतं. थोड्या वेळाने पठाणाला, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याला, लागून असलेल्या पहिल्या फळीच्या सांध्यावर, मागच्या बाजूला, खडू राखाडी झाला. आधी नखाएवढा डाग, मग वीतभर रेघ, मग रेघेच्या खालच्या टोकाला थेंब. पुढच्या बाजूला दोन खिळ्यांभोवतीही ओलसर कडी उमटली, काळपट कडेची. बाकी सगळी होडी कोरडी ठक्क.

पठाणालगतचा सांधा गळणं जुन्या होडीत नवलाचं नाही. होडी वाळूवर टेकते तेव्हा मार तिथे बसतो, आणि शीड भरल्यावर डोलकाठीचा दाबही तिथवर पोचतो. काकांनी जुना कापूस आकड्याने उकरून काढला. तो काळा, लिबलिबीत, बोटात धरताच तुटणारा. लाकूड मात्र सुदैवाने घट्ट होतं. दाभण टोचून पाहिलं तर टोक जेमतेम शिरत होतं. सांधा बाहेरून रुंद आणि आत चिंचोळा असतो, तसाच कापूस धरून राहतो. आतूनही उघडा असेल तर ठोकलेला कापूस सरळ होडीच्या पोटात जातो.

सुताची पिळलेली वात तेलात भिजवून, लहान लहान वेटोळ्यांनी सांध्यात घालत, बोथट छिन्नी आणि लाकडी मोगरीने बसवत गेलो. मोगरीच्या आवाजावर काकांचं लक्ष होतं. आवाज भरीव झाला की थांबायचं. कापूस मरेस्तोवर ठासायचा नाही. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगतं, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात, आणि कापूस आधीच दगडासारखा असेल तर तो दाब खिळे उपटतो नाहीतर वांक तोडतो. वरून राळ आणि तेलाचं लुकण. काळपट कडीचे दोन खिळे लोखंडाचे आणि गंजून बारीक झालेले निघाले. ते काढून जागा लाकडी खुंट्यांनी बुजवली आणि शेजारी नवे मारले. तेवढ्यात भरती होडीच्या पोटाला लागली होती.

कोरड्या होडीला पाण्यात सोडताच गळती दिसली तर लगेच घाबरू नये. उन्हात सुकलेल्या फळ्यांना फुगून बसायला वेळ लागतो. पहिले दिवस उपसत राहायचं, होडीवर माणूस ठेवायचा आणि आकडा उतरतोय का ते बघायचं. उतरून तो एका जागी थांबला की तीच होडीची खरी गळती.

आता तळातल्या वाटांबद्दल. प्रत्येक वांकाच्या खाली पठाणाजवळ एक खाच असते, तिच्यातून पाणी सरकत खोल जागी येतं. माझ्या होडीत या खाचा माशांचे खवले, कापसाचा भुगा आणि जुन्या रंगाच्या पापुद्र्यांनी बुजल्या होत्या. पुढच्या एका कप्प्यात कोणीतरी पूर्वी सिमेंट ओतून ठेवलेलं. ते फोडलं तर खाली लाकूड ओलं आणि आंबूस वासाचं. अडकलेल्या पाण्यातही पावसाचं पाणी जास्त घातक. खाऱ्यात बुरशीला जोर येत नाही, गोड्या पाण्यात लाकूड लवकर कुजतं. सगळ्या खाचा मोकळ्या करून त्यातून एक बारीक साखळी ओवली आहे. आठवड्याला ती पुढे-मागे ओढली की खाचा साफ राहतात. ही युक्ती शिडाच्या मोठ्या जहाजांवरही वापरत, आणि इतकी सोपी गोष्ट सगळ्या लाकडी होड्यांत का नसते याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

एवढं झाल्यावर नवा पंप बसवला. खोक्यावर ५०० गॅलन तासाला लिहिलेलं असतं, म्हणजे अमेरिकन गॅलनने मिनिटाला साडेएकतीस लिटर. हा आकडा पाणी वर चढवायचं नसताना आणि चार्ज होत असलेल्या बॅटरीवर मोजलेला असतो. मीटरभर चढ, वळणं आणि आतून वळ्या असलेला पाइप यांत तो निम्म्यावर येऊ शकतो. मी आतून गुळगुळीत पाइप घेतला, वळणं कमी ठेवली आणि बादलीने मोजलं तर मिनिटाला १९ लिटर मिळाले.

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर २५ मिलिमीटरचं एक भोक उघडं पडलं, समजा इंजिनाच्या थंड पाण्याचा पाइप निसटला, तर मिनिटाला साधारण ५५ लिटर पाणी आत येतं. माझ्यासारखे दोन पंपही ते उपसू शकणार नाहीत. म्हणून तळातून जाणाऱ्या प्रत्येक तोटीशेजारी तिच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली आहे, आणि होडी सोडून जाताना तोटी बंद. ज्या होडीत हे नसेल त्यांनी पंपाआधी हे करावं असं मी आग्रहाने सांगेन.

पंपाचं तोंड बाहेर जिथे उघडतं ती जागा होडी कलल्यावरही पाण्याच्या वर राहिली पाहिजे. या पंपात झडप नसते. तोंड बुडालं आणि पाइप पाण्याने भरलेला असला की तोच पाइप उलटा वाहून समुद्र आत आणतो. म्हणून पाइप आधी उंच नेऊन, वरच्या टोकाला हवा शिरायची सोय ठेवून खाली आणला. पाइपमध्ये एकेरी झडप घातलेली नाही, ती कचऱ्याने अडकते आणि वाहणं कमी करते. पंप थांबल्यावर पाइपमधलं थोडं पाणी परत येतं. पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट स्विच त्या पाण्यानेच पुन्हा चालू होणार नाही इतका वर बसवला.

वायरिंगवर मी जास्त वेळ घालवला. पंपाची लाइन मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह. फ्यूज पंपाच्या पत्रकात सांगितलेल्या अँपिअरचाच. कापसाचा भुगा अडकून पंखा थांबला तर मोटर तापते, आणि मोठा फ्यूज ती जळेपर्यंत उडत नाही. तांब्याची कल्हई केलेली वायर घेतली, जोड आतून गोंद असलेल्या, तापवल्यावर आवळणाऱ्या नळीत बंद केले आणि सगळे पाण्याच्या पातळीच्या खूप वर ठेवले. तळातल्या खाऱ्या पाण्यात उघडी वायर पडली तर विजेच्या गळतीने तोट्या आणि शाफ्ट झपाट्याने झिजतात. पंपाला सुमारे २ अँपिअर लागतात. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीतले निम्मे वापरायचे म्हटले तरी अखंड चालून पंधरा तासच निघतात. पंपाला तास मोजणारं छोटं मीटर जोडलं आहे, आता वहीऐवजी तेच बघतो. त्याचा आकडा वाढला की शोध सुरू.

तळात डिझेलचा तवंग असेल तर साबण ओतून पंप चालवू नका. साबणाने तेल नाहीसं होत नाही, बारीक थेंबांत फुटून खाडीत जातं. मोठ्या जहाजांना तळातल्या पाण्यात १५ पीपीएमपेक्षा जास्त तेल समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय बंदी आहे. आपल्याला इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे आणि तेल शोषणारे तुकडे पुरतात.

राहिला पाऊस. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. माझी होडी वरून साधारण १० चौरस मीटर भरते. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर काही विशेष नाही, आणि तेवढ्यात उघड्या होडीत हजार लिटर, म्हणजे एक टन पाणी. ते एका जागी राहत नाही. होडी कलली की सगळं खालच्या अंगाला धावतं आणि तिला आणखी कलवतं. मासेमारी बंद होते त्या सुमारास, मे संपायच्या आत, होडी वर घेऊन झाकायची हे ठरलेलं आहे. वर झावळ्यांचा जुना प्रकारच करणार आहे, कारण ताडपत्रीखाली हवा कोंडते आणि फळ्या घामेजतात.

बाकी आहे सुकाणूच्या खालच्या बिजागरीचा बोल्ट. कलून चाललं की तिथून ओल येते, उभ्या होडीत नाही. पुढच्या उधाणाला होडी पुन्हा वाळूवर घेऊन तो काढून बघायचा आहे. बोल्टच्या मापाचा कांस्याचा तुकडा कुडाळच्या लेथवाल्याकडे कातायला टाकला आहे.